धूर नसलेली धुरी : फणसाचा ओंडका ते श्टुटगार्ट

ताईचा फोन आला तो रविवार होता, २१ एप्रिल २०२४. बातमी गोड होती आणि तारीख नोव्हेंबरची होती. आईचं बोलून झाल्यावर ताईने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला आणि म्हणाली, "मला आजीची धुरी आठवतेय गं. पण इथे निखारा पेटवायचा म्हणजे अख्खी बिल्डिंग खाली उतरेल."

ताई श्टुटगार्टला राहते. जर्मनीत राहत्या घरांत धुराचा अलार्म सक्तीचा आहे, तिच्या झोपायच्या खोलीतही छताला एक आहे. आणि आमच्या श्रीवर्धनच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत आजी मातीच्या शेगडीत निखारे घेऊन यायची, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणीची सालं टाकायची. तो वास आम्हा दोघींच्या अंगात मुरलेला आहे.

मी पुण्यात हिशेबाचं काम करते. लाकूडकाम कधी केलं नव्हतं, सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती. पण अमेरिकेतल्या छोट्या कारखान्यांतून हाताने बनवलेले लाकडी व्हेपोरायझर मी पाहिले होते. अक्रोड, मेपल, चेरी अशा लाकडाचा मुठीएवढा खराद केलेला, म्हणजे यंत्रावर फिरवून गोल घडवलेला ओंडका, आत स्टीलची नळी, नळीत लहानसा हीटर, बाहेर १२ व्होल्टचा अडॅप्टर. दिवसभर मंद तापत राहतो. आतली वनस्पती गरम होते, तिचा वास सुटतो, पण ती पेटत नाही. जळत नाही म्हणजे धूर नाही. मला वाटलं, हेच हवंय.

हे सगळं पुरं व्हायला नऊ महिने लागले. वाटेत कोणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं, म्हणून लिहून ठेवतेय.

पहिल्याच आठवड्यात अडथळा आला आणि तो बरं झालं तेव्हाच आला. तसल्या व्हेपोरायझरला काचेची किंवा लाकडाची नळी असते आणि तिच्यातून तोंडाने वाफ ओढतात. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी आणणारा कायदा २०१९ सालचा आहे. त्या सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मी समजत होते की तो निकोटीनपुरता आहे. त्यातली व्याख्या नीट वाचली तेव्हा कळलं की निकोटीन असो वा नसो, श्वासावाटे ओढण्यासाठी एखादा पदार्थ तापवून वाफ तयार करणारं विजेवरचं उपकरण त्यात येतं. न जाळता फक्त तापवणारी उपकरणंही नाव घेऊन धरली आहेत. बनवणं, विकणं, आयात, निर्यात, वाहतूक, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं तेवढी वगळली आहेत.

त्या रात्री मी आराखड्यातून नळी काढून टाकली. ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की खोलीत सुगंध पसरवणारं उघडं पात्र आणि तोंडाला लावून ओढायचं यंत्र यांत उद्देशाचा फरक आहे, तो फरक वस्तूच्या घडणीतच दिसला पाहिजे. म्हणून माझ्या वस्तूला नळी नाही, तोंडाला लावायची जागा नाही, वर फक्त उघडी वाटी. हे माझ्या एका वस्तूपुरतं झालं. कोणी विकायला बनवणार असेल तर आधी स्वतःच्या वकिलाकडे जा.

ताईनेही तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की बाळाच्या खोलीत धूर नको आणि तीव्र वासही नको. निलगिरी, कापूर, पुदिन्याचं सत्त्व तर तान्ह्या बाळाच्या आसपासही नको. तेव्हा हे पात्र आईसाठी, बैठकीच्या खोलीत आणि बाळ दुसरीकडे असताना, असं आमचं ठरलं. आजीला हे पटलं नसतं, पण आम्हाला पटलं.

आता लाकूड. ते माझ्या मनात आधीपासून ठरलेलं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, त्यात परसातला फणस मुळासकट आडवा झाला. पंचनामा झाला, फांद्या जळणाला गेल्या, बुंध्याचा एक चार फुटी तुकडा बाबांनी पडवीत ओढून ठेवला. त्याच्या दोन्ही टोकांना उरलेला ऑइलपेंट फासला. लाकडातलं पाणी टोकांकडून सर्वांत लवकर निघतं आणि तिथूनच ते फाटतं, हे त्यांना ठाऊक होतं. चार वर्षं तो ओंडका पडवीत भाताच्या कणगीशेजारी पडून होता.

आपलं झाड, आपली पडवी, मग रिक्षात टाकून एसटी स्टँडवर न्यावं असं मला वाटलं. आईने अडवलं. महाराष्ट्रात झाडं तोडण्याचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, चिंच यांच्याबरोबर फणसही आहे. आमचं झाड वादळाने पडलं होतं, तोडलेलं नव्हतं. तरी तालुका ओलांडून लाकूड न्यायचं तर हातात कागद असावा असं तिचं म्हणणं होतं. वाटेत कोणी अडवलं तर "आमच्या परसातलं आहे" हे तोंडी सांगून भागत नाही.

२ मेला मी गावी गेले. ७ मेला रायगडचं मतदान होतं, त्यामुळे अर्धे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते. लाकूड नेण्याच्या पासासाठी वनखात्याकडे केलेला अर्ज ९ तारखेला घेतला गेला. जोडलेले कागद : सातबाराचा उतारा, २०२० च्या पंचनाम्याची प्रत, बाबांचं आधार, ओंडक्याची लांबी आणि मधला घेर लिहिलेला साधा कागद, आणि फोटो. घेर मोजायचा तो सालीवरून की साल काढून, हे आधी विचारून घ्या. माझा आकडा एकदा खोडावा लागला. २१ तारखेला वनरक्षक येऊन ओंडका बघून गेले, बाबांशी वादळाच्या गोष्टी बोलत बसले, जाताना हातोड्याचा शिक्का मारला. पास २७ मेला मिळाला. म्हणजे अर्जापासून अठरा दिवस, माझ्या तीन फेऱ्या, प्रवासासकट खर्च ११०० रुपये. पासवर मुदत लिहिलेली असते, ती पहिल्यांदा वाचा. मी गाडीची सोय आधी न केल्यामुळे शेवटच्या दिवशी धावपळ झाली.

पुण्यात टिंबर मार्केटमधल्या वखारीत ओंडका उभा चिरून घेतला, २०० रुपये. करवत मधून गेली आणि आतून हळदीसारखं पिवळं लाकूड निघालं. फणसाचा गाभा असाच असतो. आग्नेय आशियात भिक्खूंची वस्त्रं याच्याच भुश्श्याने रंगवत असत. वखारवाल्याने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "आत पाणी आहे." चार वर्षांनी! अखंड ओंडका सालीसकट ठेवला की तो आतून सुकतच नाही. फळी केली तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. आमच्या चार वर्षांपैकी बहुतेक वर्षं त्या हिशेबात धरताच येत नव्हती.

खोडाच्या अगदी मधोमध असणारा मऊ गर टाळून मी चार ठोकळे कापून घेतले. गर ठोकळ्यात राहिला तर तडा हमखास तिथूनच सुरू होतो. ओल मोजायचं यंत्र विकत घेतलं नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या खोलीच्या हवेला आलं. याहून सोपी युक्ती मला तरी माहीत नाही.

लाकूड सुकेपर्यंत विजेचं बघायचं ठरवलं, आणि खरं शिकणं इथे झालं.

पहिला प्रश्न : थेट २३० व्होल्टवर चालणारा हीटर का नको? कारण घरी घडवलेल्या, तेल प्यायलेल्या, हवेबरोबर फुगणाऱ्या लाकडात मी माझ्या बहिणीच्या हाताजवळ २३० व्होल्ट ठेवणार नाही. ते भिंतीपाशी, अडॅप्टरच्या डबीत राहू देत. लाकडात १२ व्होल्टच यावेत. यावर मी आजही ठाम आहे.

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारातून आधी सिरॅमिकचे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून तापणारे सुटे भाग आणले, ४० रुपयांचे मूठभर. ओहम हे विजेला होणाऱ्या अवरोधाचं माप. हिशेब सरळ आहे : व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. १२ चा वर्ग १४४. १० ओहमला १४.४ वॅट, १५ ओहमला ९.६ वॅट. माझा १० ओहमचा रेझिस्टर १० वॅटच सोसणारा होता, म्हणजे मी त्याच्यावर त्याच्या ताकदीबाहेरचा भार टाकत होते, हे लावून झाल्यावर लक्षात आलं. जुन्या आंब्याच्या फळीला भोक पाडून तो आत बसवला. वीस मिनिटांत वाटी १९० अंशांवर गेली आणि चढतच होती. लाकडाची आतली कड ११८. खोलीत भाजल्याचा वास आला आणि भोकाच्या कडेला तपकिरी कडं उमटलं. मी प्लग ओढून काढला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मनात एकच की हे ताईच्या घरी, रात्री, ती बाळाला घेऊन झोपली असताना झालं असतं तर.

लाकूड पेट घ्यायला अडीचशेच्या आसपास तापमान लागतं, म्हणून शंभर-सव्वाशे चालेल असं पुष्कळांना वाटतं. पण लाकूड महिनोन् महिने शंभरजवळ तापत राहिलं तर आतून हळूहळू काळं पडत जातं आणि तसं झालेलं लाकूड मग कमी उष्णतेतही पेट घेऊ शकतं. त्या दिवशी मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : लाकडाची आतली कड ६० च्या वर जाता कामा नये. पुढचं सगळं या एका ओळीभोवती ठरलं.

१५ ओहमचा लावल्यावर उष्णता कमी झाली, पण वाटीवर झाकण पडलं की पारा पुन्हा चढायला लागायचा. रेझिस्टरला थांबणं माहीत नसतं. दुकानातल्या मुलाने मग पीटीसी पत्री दाखवली. पीटीसीचा गुण असा की ती तापली की तिचा स्वतःचा अवरोध वाढतो, वीज कमी ओढली जाते आणि ती ठरलेल्या तापमानाजवळ आपली आपण स्थिरावते. मी १२ व्होल्टची, ११० अंशांची घेतली. दोन नगांचे ३०० रुपये.

ती घरी चालेना. अडॅप्टरचा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. दोन संध्याकाळी मी जोडण्याच तपासत बसले. दोष जोडणीत नव्हता. थंड असताना पीटीसीचा अवरोध कमी असतो, माझ्या पत्रीचा ८ ओहमच्या आसपास भरला. म्हणजे सुरुवातीला दीड अँपिअर, आणि माझा १४० रुपयांचा अडॅप्टर १ अँपिअरचा. तो बिचारा स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. १२ व्होल्ट २ अँपिअरचा आणला, ४२० रुपये, आणि पत्री पहिल्या फटक्यात सुरू झाली.

अडॅप्टर घेताना मी आता तीन गोष्टी बघते. एक, त्याच्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का. दोन, भार टाकल्यावर व्होल्ट किती राहतात. एका दुकानात २ अँपिअर छापलेला अडॅप्टर मोकळा १२.१ दाखवत होता आणि भाराखाली १०.६ वर आला. साध्या रेझिस्टरवर एवढ्या घसरणीने उष्णता जवळजवळ पावपट कमी होते, कारण हिशेब वर्गाचा आहे. तीन, पिनचं माप. बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटरच्या दिसतात, पण आतलं भोक एकीचं २.१ असतं आणि दुसरीचं २.५. चुकीची जोडी आत जाते, पण सैल राहते, हलली की ठिणगी पडते आणि सॉकेट तापतो.

आतल्या तारा सिलिकॉनच्या आवरणाच्या घ्या. नेहमीच्या पीव्हीसी तारेचं आवरण सत्तरच्या पुढे मऊ पडतं. आणि थर्मल फ्यूज लावाच. तो मला वीस रुपयांना मिळाला, आणि ठरलेल्या तापमानाला तो कायमचा तुटतो. मी ७७ अंशांचा घेतला आणि पत्रीला न चिकटवता लाकडाच्या कडेला बसवला, कारण मला राखायचं होतं ते लाकूड. पहिला फ्यूज सोल्डर करतानाच गेला, कारण गनची उष्णता फ्यूजच्या तारेच्या पायातून आत पोचते. दुसऱ्या वेळी पाय चिमट्यात धरून ठेवला, तरी भरवसा वाटेना. तिसऱ्याला सोल्डर न करता दाबून बसवायच्या स्लीव्ह वापरल्या. तीन फ्यूज, ६० रुपये. तारा, सॉकेट, स्विच १५०. तापमान दाखवणारा मल्टिमीटर ११५० रुपयांना पडला. तो जड वाटला खरा, पण त्याच्याशिवाय मी हे काम कोणाला करू देणार नाही.

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली. ठोकळे पिशवीत घालून १७ तारखेला सावंतवाडी गाठली. चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी लहानपणी पाहिली होती. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी माझं ऐकून घेतलं, ठोकळा हातात घेऊन नखाने खरवडला आणि म्हणाले, "बाय, ह्या अजून ओला आसा. आज घडयलंस तर दिवाळेक वाकडा होतला." मग त्यांनी तीन ठोकळे नुसते ओबडधोबड खरादून दिले. बाहेरून गोल, आतून पोकळ, भिंत बोटभर जाड. त्याच भुश्श्यासकट कागदी पिशवीत बांधून ठेवायला सांगितले. जाडी कमी झाली की लाकूड लवकर आणि सारखं सुकतं, आणि पिशवीमुळे एकदम सुकून तडकत नाही. वाकायचं तेवढं वाकून घेऊ दे, मग शेवटचा हात.

त्या दुपारी मी त्यांच्या पायरीवर बसून लाकडांबद्दल विचारत राहिले. पांगारा हलका आणि मऊ, खेळण्यांना पूर्वी तोच वापरत. उष्णतेपाशी मात्र त्यांनी तो नको म्हटला. शिवण स्थिर, कमी वाकते, म्हणून पाट आणि वाद्यांच्या कामात तिला मान. साग तेलकट आणि टिकाऊ, पण त्यात सिलिका असते, हत्याराची धार खातो. फणस मधला : कापायला गोड, वजनाला बेताचा, वीणा आणि मृदंग करणाऱ्यांचा आवडता. मी विचारलं, वरून लाख लावूया का? सावंतवाडीची ती चकाकी मला फार आवडते. त्यांनी मान हलवली. खरादावर लाखेची कांडी घासतात तेव्हा ती घर्षणाच्या उष्णतेनेच वितळून लाकडावर चढते. जी उष्णतेने चढते ती उष्णतेने मऊही होणार. मेणाचंही तेच, मधमाशीचं मेण साठ-पासष्टला वितळतं. उरलं अळशीचं तेल.

माझ्याकडे आणखी एक तुकडा होता, आजोबांच्या पलंगाचा मोडका शिसवी पाय. ताईला तो हवा होता. त्या कारागीर काकांनी त्याचंही छोटं पात्र खरादलं, तोंडाला फडकं बांधून, कारण शिसवाचा भुसा पुष्कळांना सोसत नाही. माझ्याही मनगटावर दोन दिवस पुरळ होतं. पात्र झालं मात्र देखणं, जांभळट काळं, मधूनच तांबडी रेघ.

फणसाचे ओबड घट दर रविवारी तोलत होते. सर्वांत चांगल्याचं वजन ७१२ ग्रॅमवरून उतरत १३ ऑक्टोबरला ५८४ वर आलं आणि पुढचे तीन रविवार तिथेच राहिलं. भाऊबीज करून ४ नोव्हेंबरला पुन्हा सावंतवाडी. तिन्ही घट खरंच वाकले होते, एकाला बुडाशी केसाएवढी चीर. काकांनी चीर पडलेला बाजूला ठेवला, उरलेल्या दोघांना शेवटचा हात दिला. मजुरी सगळी मिळून १८०० रुपये, दोन्ही खेपांचा प्रवास आणि राहणं ३४००.

ताईची लेक १९ नोव्हेंबरला झाली. पात्र तेव्हा तेलाच्या दुसऱ्या हातावर होतं. मला वाईट वाटलं, पण कच्चं अळशीचं तेल सुकायला त्याचा वेळ घेतंच. तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये आठवडा. तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मी ती दोरीवर पसरून वाळवली आणि मग पाण्यात भिजवून टाकली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जुळणी केली. मधोमध पीटीसी, तिच्याखाली अभ्रकाचा तुकडा, भोवती स्टीलचं कडं, कड्यात आणि लाकडात सहा मिलिमीटर हवा. वर ८० रुपयांची स्टीलची वाटी. तार बाहेर येते तिथे आतून गाठ, म्हणजे ओढ बसली तर ती जोडावर येत नाही. दहा दिवस रोज चार तास चालवून आकडे लिहिले. बारा मिनिटांनी पत्री १०८, वाटी ९६, लाकडाची आतली कड ५२, बाहेरून ३८. झाकण ठेवलं तरी कड ५७ च्या वर गेली नाही. दहाव्या दिवशी ते आकडे बघून मला रडू आलं.

पाठवायची वेळ आली तेव्हा शिसवी पात्र मागे राहिलं. शिसवाचा जवळजवळ सगळा वंश २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांचा व्यापार नियंत्रित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट मिळाली आणि आपल्याकडच्या हस्तकला निर्यातदारांसाठी 'वृक्ष' नावाचं प्रमाणपत्रही आहे. पण ती वाट व्यापाऱ्यांची. माझ्याकडे पलंगाच्या पायाचं बिल कुठून येणार? दोन्हीकडच्या सीमाशुल्कात आजोबांची आठवण अडकून पडण्यापेक्षा ती माझ्या कपाटात बरी. फणसाला तसलं बंधन नाही.

१६ डिसेंबरला पोस्टात गेले. सीमाशुल्काच्या फॉर्मवर नुसतं 'लाकडी वस्तू' लिहू नका. मी लिहिलं : हाताने बनवलेलं सुगंधपात्र, फणसाचं लाकूड, आणि शेजारी त्याचं शास्त्रीय नाव, आर्टोकार्पस हेटेरोफिलस. भेट, ३५०० रुपये. युरोपीय संघात एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट शुल्कातून सुटते, आणि ही त्याच्या आत होती. काउंटरवर विचारलं, बॅटरी आहे का? नाही. अडॅप्टर? तोही नाही. ताईने तिथलाच घ्यायचा ठरवला होता, १२ व्होल्ट, २ अँपिअर, पिन २.१. तिकडची पिन वेगळी, आणि तिकडच्या प्रमाणखुणेचा अडॅप्टर तिकडेच मिळतो. ओवाही पाठवला नाही, तो तिला तिथल्या भारतीय दुकानात मिळतो. पॅकिंग पुठ्ठ्याचं केलं. कच्च्या लाकडाच्या पेटीला उष्णता दिल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, ते प्रकरण कशाला वाढवायचं. टपालखर्च २४८० रुपये. सगळं मिळून ११,३२० झाले.

नाताळात पार्सलचा ऑनलाइन माग दोन आठवडे एकाच ओळीवर थांबला होता. मी दिवसातून चार वेळा बघायचे. ९ जानेवारीला पोचलं.

१२ तारखेला, रविवारी, ताईने व्हिडिओवर वाटीत चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा टाकला. बाळ आतल्या खोलीत तिच्या बाबांजवळ होतं. पाच मिनिटांत ताई म्हणाली, "आला गं." मग ती बोललीच नाही थोडा वेळ. अलार्मचा हिरवा दिवा तसाच शांत. नंतर तिने लसणीची सालं टाकून पाहिली, त्यांचा तो वास काही येईना. तो जळल्याशिवाय यायचा नाही, हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये तिने फोटो पाठवला, पिवळं लाकूड आता मधासारखं झालंय. मी आईला विचारलं, तुलाही एक करू का? ती म्हणाली, "माझी शेगडी आहे की. त्यापेक्षा उरलेल्या लाकडाचा पोळपाट कर." माळ्यावर एक ठोकळा आहे, पेन्सिलने वजनं लिहिलेला. पोळपाटाला तो रुंदीला कमी पडतोय. लाटणं होईल.